पर्ल भाषा आणि एक हरवलेला अर्ज

गेल्या सत्रांत इयत्ता नववीच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं आम्हांस असा प्रश्न केला कीं, संकेतस्थळावर आपण नांव-गांव लिहून बटण दाबतों, त्यानंतर तें लिहिलेलें जातें कोठें? आणि कधीं कधीं उत्तराऐवजीं नुसता ५०० हा आंकडा पुढें येतो, तो कां? प्रश्न रास्त आहे. पालकांनाही शाळेचे, बँकेचे व सरकारी अर्ज आतां बहुधा याच रीतीनें भरावे लागतात. तेव्हां या कामाचें अंतरंग थोडेंसें उघडून दाखवावें या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों. उदाहरणासाठीं पर्ल ही भाषा घेतली आहे. एक तर तीच आम्हांस थोडीबहुत येते. आणि दुसरें असें कीं, याच भाषेंत लिहितांना आमच्या हातून झालेली एक चूक एका मुलाला चांगलीच भोंवली असती.

पर्लचा कर्ता लॅरी वॉल हा अमेरिकन गृहस्थ मूळचा भाषाशास्त्राचा अभ्यासक. जिला लिपि नाहीं अशी एखादी भाषा शोधून, तिला लिपि देऊन, तींत बायबल इत्यादि ग्रंथांचें भाषांतर करावें, असा त्याचा व त्याच्या पत्नीचा मानस होता. प्रकृतीच्या कारणानें तो बेत सिद्धीस गेला नाहीं व हे गृहस्थ संगणकाच्या कामाकडे वळले. इ. स. १९८७ च्या डिसेंबरांत त्यांनीं पर्लची पहिली आवृत्ति प्रसिद्ध केली. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत मोलवान मोत्याचा दृष्टांत आहे. त्यावरून त्यांनीं भाषेला मोती या अर्थाचें इंग्रजी नांव योजिलें होतें. परंतु त्या नांवाची दुसरी एक भाषा आधींच असल्याचें आढळल्यावरून त्यांतलें एक अक्षर गाळलें. मिशन शाळेच्या अंकांत इतकी हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाणें आम्हांस जड गेलें असतें.

आतां मुख्य विषय. आपल्या फोनवरील ब्राउझर हा मागणी करणारा. दूर कोठेंतरी असलेला सर्व्हर हा मागणी पुरविणारा. तयार पान पाठवावयाचें असेल तर सर्व्हरास फारसें कांहीं करावें लागत नाहीं. परंतु भरलेला अर्ज आला, तर तो वाचून, टिपून, त्याचें उत्तर कोणीतरी लिहावयास पाहिजे. हें काम सर्व्हरानें निराळ्या प्रोग्रामाकडे कसें सोंपवावें याविषयींचा 'सी-जी-आय' नांवाचा संकेत इ. स. १९९३ मध्यें अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणक केंद्रांत निघाला, आणि त्याप्रमाणें चालणारे प्रोग्राम पुढें पुष्कळ वर्षें बहुधा पर्लमध्येंच लिहिले गेले. जानेवारी २००१ मध्यें विकिपीडिया सुरू झाला तो यूजमॉडविकी नांवाच्या एका पर्ल प्रोग्रामावर, व पहिलें वर्षभर त्याचा संसार त्यावरच चालला. ग्रंथालयांकरितां न्यूझीलंडमध्यें तयार झालेली व आपल्या देशांतील अनेक महाविद्यालयांत चालणारी 'कोहा' ही पद्धति आजही पर्लमध्येंच आहे.

एखाद्या कचेरीच्या दारावर पट्टेवाला बसला आहे अशी कल्पना करा. तो सर्व्हर. बाहेरून आलेली चिठ्ठी तो आंतल्या कारकुनाच्या हातीं देतो. तो कारकून म्हणजे आपला पर्ल प्रोग्राम. कारकुनानें उत्तर लिहावयाची रीत ठरलेली आहे. प्रथम एका ओळींत उत्तर कोणत्या जातीचें आहे तें सांगावयाचें, मग एक ओळ कोरी सोडावयाची, आणि त्यानंतर मजकूर. ती कोरी ओळ राहिली तर पट्टेवाला सगळेंच उत्तर नाकारतो व पाहुण्यास ५०० म्हणून परत पाठवितो. या कारकुनाचा विशेष असा कीं, एक चिठ्ठी संपली कीं तो कामावरून कायमचा जातो. दुसऱ्या चिठ्ठीला दुसरा कारकून. पहिल्यानें काय केलें हें दुसऱ्यास ठाऊक नसतें, आणि एकाच वेळीं दोन चिठ्ठ्या आल्या तर दोन कारकून एकमेकांना न पाहतां एकाच वहींत लिहूं लागतात. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याचें काम पुढें पडणार आहे.

नवशिक्याचा प्रोग्राम घरच्या संगणकावर उत्तम चालतो आणि सर्व्हरावर ठेवतांच बंद पडतो. याचें कारण, आमच्या मतें, एकच आहे. तोच प्रोग्राम आतां दुसऱ्याच्या घरीं, दुसऱ्या नांवानें काम करीत असतो. घरीं तो आपल्या नांवानें चालत होता व आपल्या साऱ्या फाइली त्याला मोकळ्या होत्या. सर्व्हरावर तो मुद्दाम दुर्बळ ठेवलेल्या एका निराळ्या नांवानें चालतो, आणि त्या नांवाला फाइल चालविण्याची परवानगी आपण दिली नसेल तर ती चालत नाहीं. (७५५ हा परवानगीचा आंकडा विद्यार्थ्यांनीं ऐकला असेल, तो याच कामाचा.) शेजारच्या कपाटांतली फाइल "येथलीच" म्हणून मागितली, तर दुसऱ्या घरांत "येथें" या शब्दाचा अर्थच बदललेला असतो; म्हणून फाइलीचा पुरता पत्ता द्यावा. इ. स. २०१७ मध्यें निघालेल्या पर्लच्या ५.२६ या आवृत्तीपासून तर, प्रोग्राम जेथें उभा आहे तेथल्या जोड-फाइली आपोआप शोधण्याची जुनी सवय सुरक्षेसाठीं काढून टाकली आहे, आणि त्यामुळें वर्षानुवर्षें चाललेले कित्येक प्रोग्राम एका रात्रींत अडले.

एक दोष तर असा आहे कीं, तो डोळ्यांस दिसतच नाहीं. पर्ल प्रोग्रामाच्या पहिल्या ओळींत, हॅश व उद्गारचिन्ह यांच्यापुढें, पर्ल कोठें ठेवलें आहे तो पत्ता लिहितात. विंडोज संगणकावर लिहिलेल्या फाइलींत प्रत्येक ओळीच्या शेवटीं एक अदृश्य अक्षर अधिक असतें. ती फाइल तशीच लिनक्स सर्व्हरावर नेली तर सर्व्हर त्या अदृश्य अक्षरासकट पर्लचा शोध करितो, तसें नांव कोठेंच सांपडत नाहीं, आणि "अशी फाइल नाहीं" असें तो म्हणतो. लिहिणारा आपल्या फाइलीकडे बोट दाखवून म्हणतो, ही काय समोर आहे! दोघेही खरें बोलतात. नाहीं ती फाइल वेगळी, आहे ती वेगळी. या एका अक्षरापायीं आम्हीं स्वतः दोन रात्री घालविल्या आहेत.

त्या दोन रात्री वांचल्या असत्या, जर आम्हीं दोष-वही आधीं उघडली असती. पाहुण्यास दिसणारा ५०० हा आंकडा कांहींच सांगत नाहीं, व तें योग्यच आहे. घरांतली भांडणें पाहुण्यापुढें काढूं नयेत. परंतु त्याच क्षणीं सर्व्हर आपल्या दोष-वहींत, म्हणजे एरर लॉगमध्यें, खरें कारण लिहून ठेवीत असतो. पुष्कळ माणसें ती वही न उघडतां प्रोग्रामांत इकडे तिकडे बदल करीत सुटतात, आणि एका दोषाचे तीन करून ठेवतात. पर्लमध्यें 'यूज स्ट्रिक्ट' व 'यूज वॉर्निंग्ज' अशा दोन ओळी आरंभीं लिहिल्या तर नांवांतल्या चुका आधींच पकडल्या जातात, आणि प्रोग्राम न चालवितां त्याचें व्याकरण तपासून घेण्याचीही सोय आहे. इतकें केल्यावर मग सर्व्हराला बोल लावावा.

मराठींत अर्ज घेणारांस आणखी एक अडचण येते. यूनिकोडच्या नेहमींच्या यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह, मग तें अक्षर असो कीं काना-वेलांटी, तीन बाइट जागा घेतें. पर्लला ही गोष्ट आपण सांगितली नाहीं तर तें बाइट मोजतें, अक्षरें मोजीत नाहीं. 'गायकवाड' या नांवांत सात चिन्हें म्हणजे एकवीस बाइट. नांवासाठीं वीसची मर्यादा घालणारा प्रोग्राम इंग्रजींतलीं नांवें निमूटपणें घेईल आणि गायकवाडांचा 'ड' तोडून तेथें प्रश्नचिन्हासारखी एक खूण ठेवील. उपाय सोपा आहे. आंत येणारा मजकूर येतांच अक्षरांत उलगडून घ्यावा, बाहेर जातांना पुन्हां बाइटांत बांधावा, आणि मधलें सारें काम अक्षरांवरच करावें.

आतां त्या अर्जाची गोष्ट. पूर्वीं एका शाळेंत असतांना फी-सवलतीचे अर्ज घेण्याकरितां आम्हीं एक लहानसा पर्ल प्रोग्राम लिहिला होता. अर्ज आला कीं तो सबंध यादी वाची, शेवटच्या क्रमांकांत एक मिळवी, नवी ओळ जोडी, सगळी यादी पुन्हां लिहून ठेवी आणि पालकास क्रमांक कळवी. मुदत संपल्यावर चार दिवसांनीं एक बाई आल्या. शिवणकाम करून घर चालविणाऱ्या. मुलाचें नांव यादींत नव्हतें. आम्ही म्हणालों, "बाई, शेवटचें बटण दाबायचं राहिलं असेल." त्या म्हणाल्या, "नाही सर, नंबर आलाय की. त्रेसष्ट." त्यांनीं तो एका पावतीच्या मागें लिहून आणला होता. आम्हीं यादी पाहिली. त्रेसष्टावर दुसऱ्याच मुलाचें नांव. आम्हीं त्यांना यादी दाखविली आणि आंकडा वाचण्यांत आपली चूक झाली असेल असें सांगितलें. बाई कांहीं न बोलतां गेल्या.

त्या कागदावर सगळा पुरावा होता, आणि आम्हीं तो उलटा वाचला. रात्रीं झोंप लागेना म्हणून सर्व्हराची दुसरी वही, येणाजाणाऱ्यांची नोंद, उघडली. शेवटच्या सायंकाळीं ८ वाजून ४७ मिनिटांनीं एकाच सेकंदांत दोन अर्ज आले होते. दोहोंपुढें २०० हा आंकडा होता, म्हणजे सर्व्हराच्या दृष्टीनें दोन्ही सुखरूप पोहोंचले. दोष-वही कोरी होती. दोन कारकुनांनीं एकदमच यादी वाचली. दोघांनाही बासष्ट नांवें दिसलीं. दोघांनींही त्रेसष्टावी ओळ जोडली. ज्यानें मागून लिहिलें त्याची यादी टिकली, आधीं लिहिणाऱ्याची पुसली गेली. प्रोग्राम पडला नाहीं, त्यानें तक्रार केली नाहीं, आणि दोन्ही घरीं त्रेसष्ट हा क्रमांक पाठविला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही प्रथम मुख्याध्यापकांकडे व तेथून त्या बाईंच्या घरीं गेलों. समितीनें अर्ज पुन्हां घेतला व सवलत मिळाली. मुलगा पुढें शिकला. परंतु त्या बाई नोंद पाहावयास लावतील इतक्या ठामपणें आल्या नसत्या, तर काय झालें असतें?

या दोषावर कुलूप हा उपाय आहे. पर्लमध्यें 'फ्लॉक' या आज्ञेनें फाइलीला कुलूप घालतां येतें. एक कारकून काम करीत असतां दुसरा दारांत थांबतो. पण तें कोठें घालावयाचें यांत पुष्कळ जण फसतात. केवळ लिहितांना कुलूप घातलें तर जुनेंच वाचन हातांत राहतें व दोष जसाच्या तसा उरतो. वाचण्यापूर्वींच घालावें आणि लिहून झाल्यावरच काढावें. तसेंच, नव्यानें लिहिण्याकरितां फाइल उघडली तर ती उघडतांच रिकामी होते, म्हणजे कुलूप लागण्याच्या आधींच दुसऱ्याचा मजकूर गेलेला असतो. म्हणून ती वाचण्या-लिहिण्याकरितां, न पुसतां उघडावी. अर्ज शेंकड्यांनीं येणार असतील तर मात्र फाइलीचा नाद सोडून डेटाबेस घ्यावा. पर्लमधून त्याशीं बोलण्याकरितां 'डी-बी-आय' नांवाचें उत्तम साधन आहे, आणि तेथें क्रमांक देण्याचें काम आपण करूंच नये, डेटाबेसावर सोंपवावें.

जातां जातां हेंही सांगावयास पाहिजे कीं, प्रत्येक चिठ्ठीला नवा कारकून नेमण्यांत वेळ फार जातो म्हणून इ. स. १९९६ पासून 'मॉड-पर्ल' ही युक्ति निघाली. तींत तोच कारकून कामावर कायम राहतो. काम झपाट्यानें होतें. पण आतां तो विसरत नाहीं, आणि निष्काळजीपणें लिहिलेल्या प्रोग्रामांत मागल्या पाहुण्याचें नांव पुढल्याच्या पानावर येऊं शकतें.

प्रोग्राम दुरुस्त केल्यावर आम्हीं वीस विद्यार्थ्यांस संगणक-कक्षांत बसवून, टाळी वाजतांच सर्वांनीं एकदम बटण दाबावयाचें असा प्रयोग केला. जुन्या प्रोग्रामावर वीस अर्जांच्या चौदा ओळी झाल्या. नव्यावर वीसच्या वीस. मुलांनीं तो प्रयोग पुन्हां पुन्हां करावयास लावला. मात्र दोन दिवसांनीं आमच्या ध्यानांत आलें कीं, पर्लचें हें कुलूप विनंतीवजा असतें. जो प्रोग्राम कुलूप आहे काय म्हणून विचारीत नाहीं, त्याला तें अडवीत नाहीं. कार्यालयांतून यादी दुरुस्त करणारा आमचाच दुसरा एक प्रोग्राम असाच न विचारतां लिहीत होता. त्यालाही तें विचारावयास शिकवावें लागलें.