हृदयाचा निरोप

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या थोरल्या भाईंना घराकडची घाटी चढताना मध्येच थांबावं लागू लागलं. वय अडुसष्ट, रक्तदाब जुना. ‘वय झालं रे, दुसरं काय!’ असं म्हणत त्यांनी दोन महिने काढले. कुडाळच्या डॉक्टरांनी काढलेल्या ईसीजीत फारसं काही नव्हतं. मग त्यांनी रक्ताची एक चाचणी लिहून दिली, एनटी-प्रोबीएनपी. आकडा आला ६४०. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला हे साखरेसारखंच काही वाटलं. डॉक्टरांनी समजावलं आणि मग मी वाचलं, ते तुम्हाला सांगतो.

हृदय रक्त ढकलतं, एवढंच आपण शाळेत शिकलो. १९८१ मध्ये कॅनडात आडोल्फो दि बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर त्यांच्या लघवीतून भराभर मीठ-पाणी बाहेर पडलं. म्हणजे हृदय ही ग्रंथीसुद्धा आहे! १९८८ मध्ये जपानी संशोधकांना याच गुणाचं दुसरं द्रव्य डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नाव पडलं ‘ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड’, म्हणजे बीएनपी. पुढे कळलं की ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत बनतं. नाव मात्र मेंदूचंच राहिलं. आम्हा कवींनी त्याला हसू नये. आम्ही ‘काळीज’ म्हणतो तेव्हा हात छातीवर असतो, आणि मटणवाल्याकडे काळीज मागितलं तर तो यकृत देतो.

हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तिथल्या पेशी एक साखळी सोडतात. तिचे दोन तुकडे होतात. बीएनपी हा तुकडा मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकायला लावतो, रक्तवाहिन्या सैल करतो. दुसरा, एनटी-प्रोबीएनपी, काही करत नाही. पण रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून मोजायला बरा. मोजमाप पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात. दवाखान्यात चालत आलेल्या माणसाचा आकडा मिलिलिटरमागे १२५ च्या आत असला, तर हृदय दुबळं पडलेलं असण्याचा संभव कमी.

भाईंचा प्रश्न वेगळाच होता. ‘म्हणजे माझे किती दिवस?’

ते हा आकडा सांगत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या ३,३४६ लोकांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचं हृदय तेव्हा निकामी झालेलं नव्हतं. तरी ज्यांचं बीएनपी जरा चढं होतं, त्यांच्यात पुढच्या पाचेक वर्षांत मृत्यू आणि हृदयविकार अधिक दिसले. हे जमावाचं गणित. एकट्या माणसाला त्यातून तारीख मिळत नाही. शिवाय वय, मूत्रपिंडाचा आजार, हृदयाची अनियमित लय यांनी आकडा चढतो. लठ्ठ माणसात तो फसवा कमी येतो.

मला जास्त मोलाचं वाटलं ते आयर्लंडमधलं काम, २०१३ मध्ये छापलेलं. धोका असलेल्या १,३७४ जणांपैकी निम्म्यांचं बीएनपी वेळोवेळी पाहून, ते ५० च्या वर गेलेल्यांना इको आणि तज्ज्ञांची देखरेख दिली. त्या गटात हृदय कमजोर होण्याचं प्रमाण ५.३ टक्के राहिलं, दुसऱ्या गटात ८.७.

भाईंचाही इको झाला. हृदय आकुंचन ठीक पावत होतं, पण भिंत जाड झाली होती, सैल पडत नव्हती. रक्तदाबाची गोळी बदलली, लघवीची गोळी सुरू झाली. खारा बांगडा बंद, हे ऐकताच भाई डॉक्टरांवर रागावले. सहा महिन्यांनी आकडा ३१० आला. ते घाटी आता एका दमात चढतात, आणि बांगड्याचं मात्र रोज विचारतात.