अक्राणी गेली, अक्कलकुवा आला

महाराष्ट्र विधानसभेच्या 288 मतदारसंघांची यादी अक्कलकुव्यापासून सुरू होते. हा पहिला नंबर असला, तरी मतदारसंघाचा आजचा नकाशा फार जुना नाही. 2008 च्या पुनर्रचनेआधी सातपुड्याच्या या पट्ट्यात अक्राणी आणि तळोदा अशा दोन जागा होत्या. पुनर्रचनेत दोन्ही नावं पुसली गेली. धडगावचा अक्राणी तालुका अक्कलकुव्याला जोडला गेला आणि तळोदा शहाद्याकडे गेला. तोवर खुली असलेली शहाद्याची जागाही राखीव झाली. सत्तरच्या दशकात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी झुंज दिली, तो हाच शहादा. आता नंदुरबार जिल्ह्यातल्या चारही जागा अनुसूचित जमातींसाठी आहेत.

नकाशा पुनर्रचना आयोगानेच हलवला असं नाही, त्याआधी तो धरणाने हलवला होता. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावं बाधित झाली. त्यातली 24 अक्राणीची, 9 अक्कलकुव्याची. नर्मदाकाठची कुटुंबं तळोदा तालुक्यात सोमावल, रोझवा अशा वसाहतींत आली. पुनर्वसनात जमीन मोजतात, घर मोजतात. माणसाचा आमदारही बदलतो, हे मात्र कुणी मोजत नाही. जे काठावरच राहिले त्यांच्यापर्यंत दवाखाना बोटीतून जातो, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी यंत्रं घेऊन निघालेले कर्मचारीही.

या डोंगरांचं विधानसभेतलं तोंड तीन दशकांहून अधिक काळ एकच होतं: ॲड. के. सी. पाडवी. 1990 पासून सलग सात वेळा, आधी अक्राणीतून, मग अक्कलकुव्यातून. कॅबिनेट मंत्रिपद मिळायला मात्र 2019 उजाडलं. त्या 30 डिसेंबरला विधानभवनाच्या आवारात शपथ घेताना त्यांनी लिहून दिलेल्या मजकुरापुढे स्वतःची चार वाक्यं जोडली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी भडकले आणि त्यांना सगळ्यांसमोर पुन्हा शपथ घ्यायला लावली. नियमाने राज्यपालांचंच बरोबर. तरी इतकी वर्षं वाट पाहिलेल्या माणसाने चार शब्द जास्त बोलावेत, यात मला काही नवल वाटत नाही.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत धोक्याची घंटा वाजून गेली होती. शिवसेनेच्या आमश्या पाडवींना त्यांनी जेमतेम दोन हजार मतांनी हरवलं होतं. आमश्या 2022 मध्ये विधान परिषदेवर गेले, मार्च 2024 मध्ये एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेत आले. जूनमध्ये के. सीं.चे चिरंजीव गोवाल पाडवी यांनी लोकसभेला भाजपच्या डॉ. हीना गावित यांचा दीड लाखाहून जास्त मतांनी पराभव केला. पाच महिन्यांनी विधानसभेला त्याच हीना गावित पक्ष सोडून अपक्ष म्हणून अक्कलकुव्यात गोवाल यांच्या वडिलांसमोर उभ्या राहिल्या. त्या तिसऱ्या आल्या. आमश्या 2,904 मतांनी निवडून आले, आणि मुलगा खासदार असताना वडिलांची आमदारकी गेली. हीनांचे वडील विजयकुमार गावित यांनी शेजारची नंदुरबारची जागा त्याच दिवशी सातव्यांदा जिंकली. ते पहिल्यांदा निवडून आले 1995 मध्ये, तेव्हा नंदुरबार जिल्हा झालाच नव्हता. तो धुळ्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 रोजी.