एकच गणित, निरनिराळीं मुलें

एकाच वर्गांत, एकाच फळ्यासमोर, एकाच गुरुजींच्या तोंडून तींच वाक्यें ऐकून चाळीस मुलें चाळीस प्रकारांनीं गणित शिकतात, हा प्रत्येक शिक्षकाचा नित्याचा अनुभव आहे. कोणाला पाढा दोनदां ऐकला कीं तोंडपाठ होतो. कोणाला आकृति काढून दाखविल्याखेरीज त्रैराशिक उलगडत नाहीं. कोणी हातांत मणी, काड्या किंवा नाणीं घेतल्यावरच बेरजेला लागतो. या अनुभवावरून मुलांचे तीन वर्ग पाडण्याची एक रीत अलीकडे रूढ झाली आहे: पाहून शिकणारीं, ऐकून शिकणारीं आणि हातांनीं करून शिकणारीं. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड या उपनगरांतील सुशिक्षित घरांतही ‘आमचा मुलगा पाहून शिकणाऱ्यांपैकीं आहे’ असें वाक्य आतां सहज ऐकूं येतें. तें वाक्य कितपत खरें, आणि गणित शिकवितांना त्याचा उपयोग किती व अपाय किती, याचा विचार होणें अवश्य आहे. प्रश्न केवळ परीक्षेंतील गुणांचा नाहीं. सहा वर्षांच्या मुलाविषयीं वडील माणसांनीं केलेलें निदान तें मूल पुढें जन्मभर स्वतःविषयीं खरें मानूं लागतें.

अशा वर्गीकरणांपैकीं न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग व कॉलीन मिल्स यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलेलें वर्गीकरण विशेष गाजलें. त्यांत लिहून-वाचून शिकणारांचा चौथा वर्गही आहे. या मताची कसोटी कशी घ्यावी हें समजण्यास कठीण नाहीं. ‘पाहणाऱ्या’ मुलांपैकीं निम्म्यांना चित्रांनीं व निम्म्यांना बोलून शिकवावें. ‘ऐकणाऱ्या’ मुलांचेही तसेच दोन भाग करावे. शेवटीं सर्वांची परीक्षा एकच घ्यावी. पाहणारीं मुलें चित्रांनीं अधिक शिकलीं आणि ऐकणारीं बोलण्यानें अधिक शिकलीं, तरच मत सिद्ध झालें. अमेरिकेंतील हॅरल्ड पॅश्लर व त्यांचे तीन सहकारी यांनीं २००८ सालीं तोंवरच्या संशोधनाचा या कसोटीनें आढावा घेतला. अशा रीतीनें केलेले प्रयोग फारच थोडे आढळले, आणि त्यांतील कित्येकांचा निकाल या मताच्या विरुद्ध गेला. मुलांच्या आवडी निरनिराळ्या असतात हें त्यांत खोटें ठरलें नाहीं. आवडीप्रमाणें शिकविल्यानें मूल अधिक शिकतें, याला मात्र पुरेसा पुरावा मिळाला नाहीं. मुलाला लाडू आवडतो म्हणून भाजी त्याच्या अंगीं लागत नाहीं, असें थोडेंच आहे!

वस्तुतः शिकविण्याचें साधन कोणतें असावें हें बहुतेक वेळां त्या त्या धड्यावरूनच ठरतें. त्रिकोण कानांनीं शिकतां येत नाहीं. तो डोळ्यांनीं पाहावा लागतो. एक लिटर पाणी म्हणजे किती, हें भांडें भरून रितें केल्यावांचून उमगत नाहीं. आणि पाढा म्हटल्याशिवाय जिभेवर बसत नाहीं, मग मूल कोणत्याही वर्गांतलें असो. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनीं १९६० नंतरच्या आपल्या लेखनांत शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या: प्रथम प्रत्यक्ष कृति, मग चित्र, मग चिन्ह. या तीन पायऱ्या तीन प्रकारच्या मुलांसाठीं सांगितलेल्या नाहींत; प्रत्येक मुलानें त्या तीनही चढावयाच्या आहेत. आमच्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें, तेव्हां महागड्या परदेशी साहित्याऐवजीं बिया, शंख-शिंपले, खडे अशा भोंवतालीं मिळणाऱ्या वस्तु मुलांच्या हातीं दिल्या. अनुताई वाघ यांनीं तें कार्य पुढें कोसबाडच्या टेकडीवर अनेक वर्षें चालविलें. चिंचोका हातांत घेऊन मोजणारें मूल ‘हातांनीं शिकणाऱ्यांच्या’ जातीचें असतें असें नाहीं. तें केवळ पहिल्या पायरीवर उभें असतें, आणि तेथून त्याला वर नेणें हें शिक्षकाचें काम असतें.

मग मुलामुलांत फरक नसतो काय? असतो, आणि पुष्कळ असतो. पण तो निराळ्या ठिकाणीं शोधावा लागतो.

पहिला फरक भाषेचा. मराठी मुलाला ‘सत्तावीस’ लिहावयास सांगितलें कीं तें पुष्कळदां ‘७२’ लिहितें. वडील माणसें त्याला वेंधळा म्हणतात. परंतु मुलानें कानांवर विश्वास ठेवलेला असतो. ‘सत्तावीस’ या शब्दांत सात आधीं ऐकूं येतो व वीस मागाहून. लिहितांना मात्र दशक आधीं मांडावा लागतो. हिंदी व गुजराती यांची रीत अशीच आहे. तमिळ, तेलुगु, कन्नड या भाषांत वीस आधीं आणि सात नंतर येतो. कांजूरमार्गसारख्या ठिकाणीं एकाच बाकावर ज्यांच्या घरीं मराठी, हिंदी, तमिळ व तेलुगु बोलतात अशीं मुलें शेजारीं शेजारीं बसतात. तेव्हां एकाला जें सहज येतें तें दुसऱ्याला अडतें, याचें कारण बुद्धींत शोधण्यापूर्वीं घरच्या बोलींत शोधणें बरें.

याच अडचणीवर उपाय म्हणून बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या नव्या गणित-पुस्तकांत एकवीसला ‘वीस एक’, सत्तावीसला ‘वीस सात’ असें वाचण्याची रीत देण्यांत आली, आणि जून २०१९ मध्यें तीवरून वर्तमानपत्रांत व विधिमंडळांत मोठें वादळ उठलें. गणित समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनीं या बदलाचें समर्थन केलें. जुनीं नांवें पुस्तकांतून काढून टाकलेलीं नव्हतीं. विदुषी मंगलाताई २०२३ सालीं निवर्तल्या. पण तो प्रश्न अद्याप विचार करण्याजोगा आहे. असा प्रयत्न महाराष्ट्रांतच झाला असेंही नाहीं. नॉर्वे देशांत १९५१ सालीं सरकारी निर्णयानें ‘एक-आणि-वीस’ ही जुनी रीत सोडून ‘वीस-एक’ ही रीत शाळांतून सुरू झाली. तरी जुनी रीत लोकांच्या बोलण्यांतून पुरती गेली नाहीं.

येथें दोनही पक्षांत तथ्य आहे. ‘त्र्याहत्तर’, ‘सत्त्याऐंशी’ यांसारखीं जोडाक्षरांनीं भरलेलीं नांवें बालकाच्या जिभेला जड जातात, आणि शंभरपर्यंतचें जवळजवळ प्रत्येक नांव निराळें पाठ करावें लागतें. उलट, जुन्या नांवांत कधीं कधीं गणितच दडलेलें असतें. ‘एकोणतीस’ म्हणजे एक उणे तीस. एकोणिसापासून एकोणनव्वदापर्यंत अशीं आठ नांवें आहेत. नव्व्याण्णव तेवढें त्या रांगेंतून फुटलेलें आहे. ज्या मुलाला हा अर्थ एकदां कळला, तें २९ आणि ६ यांची बेरीज करतांना बोटें मोजीत बसत नाहीं. तें तीस आणि सहा छत्तीस करून त्यांतून एक काढतें. तात्पर्य, ‘वीस सात’ ही चढण्याची पायरी म्हणून वापरावी आणि ‘सत्तावीस’ हें व्यवहाराचें नांव म्हणून शिकवावें. घरांत बाजारहाट याच नांवांनीं चालतो. तीं परकीं होतां कामा नयेत.

पाढ्यांविषयींही असेंच आहे. पूर्वीं मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. तें निव्वळ घोकणें नव्हतें. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, आणि पाव व पाऊण यांच्यावांचून दुकानांत पाऊल टाकतां येत नसे. आज ती गरज उरली नाहीं. परंतु सव्वा, दीड, अडीच हे शब्द उरले आहेत. जो मुलगा भाजीवाल्याकडे सव्वा दोन किलो बटाटे अचूक मागतो, तोच शाळेंत २.२५ पाहून गोंधळतो. त्याला नवें कांहीं शिकवावयाचें नसतें. दोन ओळखीच्या गोष्टी एकच आहेत, एवढेंच दाखवावयाचें असतें.

दुसरा फरक आधीच्या समजुतीचा. ५२ मधून २७ वजा करतांना एखादें मूल उत्तर ३५ देतें. हें उत्तर अंदाजानें दिलेलें नाहीं. लहान अंक मोठ्या अंकांतून काढावयाचा, असा एक नियम त्यानें मनाशीं बसविला आहे: सातांतून दोन गेले पांच, पांचांतून दोन गेले तीन. त्याच्याकडून अशीं आणखी वीस उदाहरणें करून घेतलीं तर तो चुकीचा नियमच पक्का होईल. दहादहा काड्यांच्या पांच जुड्या व दोन सुट्या काड्या त्याच्यापुढें ठेवाव्या आणि सत्तावीस मागाव्या. जुडी सोडावीच लागेल. किंवा दुकानदार मोड परत देतांना जसा चढत जातो तसें चढावें: सत्तावीसला तीन मिळवून तीस, वीस मिळवून पन्नास, आणखी दोन मिळवून बावन्न, एकूण पंचवीस. एक वाट रुचली नाहीं तर दुसरी घ्यावी. पण मुक्कामाला पोंचल्यावर दोनही वाटा एकमेकींशीं जोडून दाखवाव्या.

वाटा अनेक असाव्या याचें कारण हेंच. सात आठे किती, हें पाढ्यानें छप्पन येतें. फरशीच्या सात ओळी व आठ रकाने पाहिले तर पांच रकान्यांच्या पस्तीस व तीन रकान्यांच्या एकवीस मिळून छप्पन होतात. दुप्पट करीत गेलें तर सात दुणे चौदा, चौदा दुणे अठ्ठावीस, अठ्ठावीस दुणे छप्पन. ज्याला पाढा येतो त्यालाही फरशी दाखवावी, कारण पुढें बीजगणितांत कंस सोडवितांना तीच उपयोगी पडते. आणि ज्याला फरशी आवडते त्याच्याकडूनही पाढा म्हणून घ्यावा, नाहीं तर भागाकार करतांना प्रत्येक पायरीवर तो थकून जाईल.

साधनांसाठीं खर्च करावयास नको. कांजूरमार्ग स्थानकावरील धिम्या गाडीचा मार्ग ही एक उत्तम अंकरेषा आहे. कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड, ठाणें हीं स्थानकें म्हणून दाखवावीं आणि मुलाला विचारावें, कांजूरमार्गाहून मुलुंड कितवें? पुष्कळ मुलें चार म्हणतात, कारण तीं नांवें मोजतात. गाडीचे टप्पे मात्र तीन आहेत. मोजपट्टी शून्यापासून कां वाचावयाची, हें येथें कळतें. पुढें कांजूरमार्गाला शून्य, ठाण्याकडील स्थानकांना अधिक व मुंबईकडील स्थानकांना उणे धरावें. विक्रोळी उणे एक, घाटकोपर उणे दोन. आतां घाटकोपराहून मुलुंडपर्यंत टप्पे किती? तीनमधून उणे दोन वजा केले कीं पांच. आणि बोटानें मोजले तरी पांचच. ‘उणे वजा केलें कीं अधिक’ हा नियम घोकण्यापूर्वीं त्याचा प्रवास असा घडावा.

तिसरा फरक गतीचा व भीतीचा. हळू चालणारें मूल विचार करणारेंही असूं शकतें. घड्याळ लावून घेतलेल्या उत्तरांवरून त्याची पारख होत नाहीं. चारचौघांत हंसें झालें कीं ठाऊक असलेलेंही उत्तर ओठांवरच अडतें.

चौथा फरक मात्र निराळा आहे. कांहीं मुलांना अंकांचा बोधच फार कष्टानें होतो: दोन संख्यांत मोठी कोणती, पांच ठिपके पाहून पांच कसे ओळखावे, येथेंच तीं अडतात, आणि वर्षानुवर्षें प्रयत्न करूनही ही अडचण पूर्ण जात नाहीं. तिला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यांत अध्ययन-अक्षमतांमध्यें तिचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा मुलाला आळशी म्हणणें हा अन्याय आहे, आणि ‘हा पाहून शिकणारा आहे’ असें म्हणून स्वस्थ बसणें हाही तितकाच. त्याची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. मुंबईंत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत अशी सोय झालेली आहे.

निरनिराळ्या मुलांना एकत्र बसवून गणिताची गोडी कशी लावावी, याचें एक साधन देवळालीच्या एका शाळामास्तरांनीं देऊन ठेवलें आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनीं १९४९ सालीं जगापुढें मांडलेला ६१७४ हा अंक सर्वश्रुत आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमानें व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करावी. आलेल्या उत्तराचें पुन्हां तसेंच करावें. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कोणीही कोठूनही आरंभ केला तरी फार तर सात पायऱ्यांत तेथेंच पोंचतो. चुकणारा मुलगा आपली चूक आपणच शोधतो, कारण अंक जुळत नाहीं. आणि वीस वजाबाक्या केल्या तरी कोणी कंटाळत नाहीं.

आईबापांनीं व शिक्षकांनीं एवढें केलें तरी पुष्कळ होईल. उत्तर चुकलें असतां लगेच बरोबर उत्तर सांगूं नये. ‘तूं हें कसें केलेंस?’ असें शांतपणें विचारावें आणि उत्तर पुरें ऐकून घ्यावें. बरोबर आलेल्या उत्तरालाही तोच प्रश्न विचारावा, म्हणजे तो प्रश्न शिक्षेसारखा वाटणार नाहीं. मूल आपल्या तोंडानें जें सांगतें त्यांत त्याची अडचण बहुधा स्पष्ट दिसते: भाषेची आहे, चुकीच्या नियमाची आहे, भीतीची आहे, कीं खरोखर उपचाराची आहे. तें कळल्यावर उपाय शोधतां येतो. मुलाच्या कपाळीं ‘पाहणारा’, ‘ऐकणारा’ किंवा ‘कच्चा’ अशी चिठ्ठी लावून टाकली कीं तो शोध तेथेंच थांबतो, आणि त्याचा तोटा त्या मुलालाच सोसावा लागतो.