बेटावरच्या नोकरीचा परवाना कुणाच्या हातात?

वेस्ट इंडिज नावाचा देश नकाशावर सापडत नाही. आपल्याकडं त्या बेटांची ओळख क्रिकेटनं करून दिली आणि क्रिकेटपुरती ती सगळी एका टोपीखाली येतात, म्हणून तो एकच देश असल्याचा समज पक्का झाला. १९७१ साली सुनील गावसकरांनी पदार्पणाच्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या, त्या पोर्ट ऑफ स्पेन, जॉर्जटाउन आणि ब्रिजटाउनला. ही शहरं तेव्हाही तीन वेगळ्या देशांत होती: त्रिनिदाद, गयाना, बार्बाडोस. यातल्या बहुतेक बेटांचं एक संघराज्य करून पाहिलं होतं १९५८ मध्ये. ते चार वर्षांत मोडलं. आता ‘कॅरिकॉम’ नावाचा गट आहे. त्यातल्या नागरिकांना एकमेकांच्या देशात काम करायला सवलती आहेत, पण त्या त्यांच्यापुरत्या. भारतीय पासपोर्टवाल्याला प्रत्येक बेटाचा कायदा वेगळा आणि परवानाही वेगळा.

त्यामुळं सांगली-साताऱ्यातल्या एखाद्या नर्सला, आचाऱ्याला किंवा इंजिनिअरला ‘वेस्ट इंडिजमध्ये जॉब आहे’ असा निरोप आला, तर पहिला प्रश्न ‘कुठल्या बेटावर?’ हा असायला हवा. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं ऐकायची गरज नाही.

पगाराचा आकडा ऐकून डोळे फिरतात ते ‘डॉलर’ या एका शब्दामुळं. ग्रेनाडा, सेंट लुसिया, अँटिग्वा वगैरे बेटांवर ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो. एका अमेरिकी डॉलरला असे २.७० मोजावे लागतात. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक. केमन बेटांचा डॉलर उलट अमेरिकी डॉलरपेक्षा महाग, एकाला १.२०. आणि जमैकाचे दीडशेहून जास्त डॉलर दिले की अमेरिकेचा एक मिळतो. ‘महिना दोन लाख डॉलर’ हे जमैकाचं पत्र असेल तर ती रक्कम तेराशे अमेरिकी डॉलरच्या आसपासच भरते, आणि त्यातून तिथला आयकर जायचा असतो. त्रिनिदादची अडचण आणखी निराळी. तिथं गेली काही वर्षं परकीय चलनाची टंचाई आहे. पगार त्रिनिदादी डॉलरमध्ये वेळेवर जमा होईल, पण तो घरी पाठवण्यासाठी बँकेकडून अमेरिकी डॉलर मिळवताना नाकी नऊ येतात. विट्याच्या बँकेत हप्ता भरायचा असेल तर पगाराच्या आकड्याइतकंच हेही विचारून घ्यावं.

‘केमनला आयकरच नाही, म्हणजे सगळा पगार शिल्लक’ हा समज अर्धा खरा. आयकर नाही, पण जवळपास सगळा माल बोटीनं येतो आणि बहुतेक वस्तूंवर २२ टक्के आयात शुल्क लागतं. सरकारला पैसा लागतोच, तो पगाराऐवजी भाजीतून आणि भाड्यातून वसूल होतो. आपल्याकडच्या आयकराचं म्हणाल, तर आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला आणि माणूस अनिवासी ठरला, की तिथं केलेल्या कामाचा पगार इथं करपात्र होत नाही. इथल्या घराचं भाडं किंवा ठेवीचं व्याज मात्र इथंच मोजलं जातं.

ऊस हा आपला जिव्हाळ्याचा विषय. कॅरिबियन म्हटलं की साखर, म्हणजे कारखान्यातल्या फिटरला, पॅनमनला, केमिस्टला तिथं मागणी असणार, असं बोललं जातं. शंभर वर्षांपूर्वी ते बरोबर ठरलं असतं. त्रिनिदादची सरकारी साखर कंपनी कॅरोनी २००३ मध्ये बंद करण्यात आली आणि हजारो कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवलं गेलं. सेंट किट्समध्ये तीनशेहून जास्त वर्षं चाललेला साखरधंदा २००५ साली थांबला. युरोपनं दिलेला चढा भाव गेला, ब्राझीलच्या साखरेपुढं डोंगरउताराचा ऊस टिकेना, आणि तरुणांनी उसाच्या फडाकडं पाठ फिरवली. रेठऱ्याच्या किंवा सांगलीच्या कारखान्यात तयार झालेल्या माणसाचं कसब उत्तम असेल, पण ज्या बेटांच्या नावानं ते विकायचं आहे तिथल्या चिमण्याच विझल्यात. कॅरिबियनमध्ये अलीकडं कामं वाढली ती गयानात, २०१९ च्या डिसेंबरात तेल निघू लागल्यावर. आणि गयाना हे बेट नव्हे, दक्षिण अमेरिकेच्या भूमीवरचा देश आहे.

‘तिथं आपलीच माणसं आहेत’ हे वाक्य एजंटांचं विशेष आवडतं. भारतीय वंशाचे लोक तिथं खरोखर आहेत. त्रिनिदादला ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाज लागलं आणि १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, तिथं उतरले. आज तो दिवस तिथं राष्ट्रीय सुट्टीचा आहे, पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर त्याच वंशाच्या. पण ही जहाजं मुख्यतः कलकत्त्याहून आणि काही मद्रासहून सुटली. माणसं बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली, भोजपुरी बोलणारी. मुंबई बंदरातून मराठी माणूस गिरमिटावर गेला तो मॉरिशसला, कोकणातून आणि घाटावरच्या जिल्ह्यांतून. म्हणून गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी मॉरिशसला आहे, आणि मॉरिशस हिंदी महासागरात आहे, कॅरिबियनच्या जवळपासही नाही. पोर्ट ऑफ स्पेनला दिवाळी दणक्यात होते, रोटी आणि आमटीसारखं काहीतरी कोपऱ्यावर मिळतं, पण नोकरीची अडचण घेऊन ज्याच्या ओसरीवर बसावं असा पाहुणा तिथं असेलच असं नाही. पाचव्या-सहाव्या पिढीतल्या त्रिनिदादी माणसाला तुम्ही परदेशीच.

आता ज्या समजाची आपल्या भागाला सगळ्यात जास्त भुरळ आहे, तो: ‘आमचा माणूस कुठंही टिकतो, गलाईवाल्यांकडं बघा.’ बघायलाच हवं, आणि जरा नीट. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडचे माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यात गेली. सराफकट्ट्यावर भाड्याची खोली, भट्टी, आम्ल आणि सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची माती, एवढ्यावर संसार उभे राहिले. भाषा येत नव्हती, तरी तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत ते स्थिरावले. धाडस होतंच. पण पोरगं गावातून निघालं ते चुलत्याच्या नाहीतर मेहुण्याच्या दुकानात. वर्ष-दोन वर्षं तिथं हात तयार झाला. मालकाशी पटलं नाही, तर रात्रीच्या गाडीनं दुसऱ्या शहरातल्या गाववाल्याकडं. कोणत्याही सरकारी कचेरीनं त्याला अडवलं नाही. पटलं नाही तर उठून जाता येणं, हीच गलाईवाल्याची खरी पुंजी होती.

बेटावर नेमकं तेच हातात नसतं. केमन, जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस, सगळीकडं साधारण रीत अशी: आधी मालकानं जागेची जाहिरात द्यायची, स्थानिक माणूस मिळाला नाही हे सरकारला पटवायचं, मग अमुक माणसाला अमुक कामासाठी परवाना मिळतो. नोकरी सुटली की परवान्याचा आधार गेला. नवा मालक मिळाला तरी अर्ज पुन्हा पहिल्यापासून. केमनमध्ये तर परदेशी कामगारानं सलग किती वर्षं राहावं यालाही कायद्यानं मर्यादा घातली आहे. आणि मालक मुळात किती? ग्रँड केमन हे बेट सातारा जिल्ह्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढं. बार्बाडोसची सगळी लोकसंख्या पावणेतीन-तीन लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर गेलेल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेपेक्षाही कमी. मिरजेतल्या नर्सला एका दवाखान्यात जमलं नाही तर त्याच रस्त्यावर दुसरा सापडतो. ग्रँड केमनवर देवी शेट्टींच्या नारायणा समूहानं २०१४ मध्ये सुरू केलेलं ‘हेल्थ सिटी’ आहे, सरकारी रुग्णालय आहे, आणखी मोजक्या जागा. शिवाय तिथल्या परिषदेकडं नोंदणी झाल्याशिवाय नर्सिंगचं काम करताच येत नाही. महाराष्ट्राची नोंदणी तिथं आपोआप चालत नाही.

म्हणून पगाराच्या आधी करारात चार गोष्टी वाचाव्यात, असं मला वाटतं: परवान्याची फी कोण भरणार, मुदतीआधी काढलं तर परतीचं तिकीट कुणाचं, घर मालकाचं आहे का, आणि आरोग्यविमा कधीपासून. चौथी गोष्ट लोक वगळतात आणि नेमकी तीच महागात पडते. बायको-मुलांना नेता येईल का, हे पगारावर आणि परवान्यावर ठरतं; जोडीदाराला काम करायचं असेल तर त्याचा परवाना सहसा वेगळा.

व्हिसाबद्दलचा गोंधळ सगळ्यात धोक्याचा. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद, डॉमिनिका, ग्रेनाडा यांसारख्या देशांत भारतीयाला पर्यटक म्हणून थोड्या मुदतीसाठी व्हिसाशिवाय जाता येतं. ‘चला, आधी पोचा, परवान्याचं तिथं बघू’ हा सल्ला याच सवलतीवर उभा आहे. पर्यटक म्हणून उतरून काम केलं तर तो गुन्हा, आणि सापडला तर पाठवणी. दुसरं म्हणजे वाट. भारतातून तिकडं थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क किंवा टोरांटोवरून जायचं तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि ‘व्हिसा-फ्री’ म्हणून काढलेलं तिकीट मुंबईच्या काउंटरवरच अडतं.

एजंटाबाबत एक बारकावा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ शिक्का येतो आणि आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जायला त्यांना सरकारी मंजुरी लागते. कॅरिबियनमधला एकही देश त्या यादीत नाही. याचा अर्थ लोक ‘बघा, किती सोपं’ असा काढतात. खरं तर करार तपासणारी एक चाळणी तिथं कमी झालेली असते. एजंटाला मात्र सुटका नाही: १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणं परदेशी नोकरी लावणाऱ्यानं, देश कुठलाही असो, परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदणी केलेली असलीच पाहिजे. नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येतो. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी. त्यावर चार-पाच लाख मागणारा माणूस एजंट म्हणवत असेल, पण कायदा त्याला तसं मानत नाही.

वादळांचं भय काही जण फार धरतात, काही अजिबात धरत नाहीत. हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. २०२४ च्या जुलैत बेरिलनं ग्रेनाडाजवळचं कारियाकू झोडपलं, २०२५ च्या ऑक्टोबरात मेलिसानं जमैका. त्रिनिदाद दक्षिणेला असल्यानं सहसा वाचतं. ज्यांनी २०१९ ला आयर्विन पुलाखालचं कृष्णेचं पाणी पाहिलंय त्यांना जास्त समजवायला नको. फरक एवढाच की पुरात मावशीचं घर उंचावर असतं, आणि बेटावर सगळेच पाण्याच्या कडेला.

राहिली शेती. ‘परदेशी गेलं की सातबाऱ्यावरचं नाव जातं’ ही भीती जुनी आहे आणि खोटी आहे. अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही, एवढंच. आधीची किंवा वारसानं आलेली जमीन ठेवता येते; विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. बँकेतलं साधं बचत खातं मात्र ‘एनआरओ’ करून घ्यावं लागतं. भावाला किंवा वडिलांना कुलमुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते निघण्यापूर्वी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नोंदवून टाकावं. तिकडून करायचं म्हटलं तर सहसा भारतीय वकिलातीत सही करायला जावं लागतं, बहुतेक लहान बेटांवर आपली वकिलात नाही, म्हणजे किंग्स्टन किंवा पोर्ट ऑफ स्पेनसारख्या ठिकाणचं विमान धरायचं. आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा.