नकाशात न उतरणारी वस्ती

वास्तुकलेच्या महाविद्यालयांत 'संदर्भ' या शब्दाला सध्या फार मान आहे. इमारत एकटी उभी राहत नाही. तिच्या शेजारी रस्ता असतो, झाड असते, दुसऱ्याचे घर असते, आणि या सर्वांशी तिने नाते जोडले पाहिजे, असा त्या शब्दाचा आशय. आशय चांगला आहे. प्रश्न एवढाच, की हा संदर्भ ठरवायचा कोणी आणि त्यात मोजायचे कोणाला? मी नाशिकमध्ये हाच विषय शिकवतो. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. आपले कार्यकर्ते, विद्यार्थी व शिक्षक यांना या शिक्षणाची आतली रीत कळावी, म्हणून हे लिहितो आहे. कारण आज वर्गात जे शिकवले जाते, ते उद्या आपल्या वस्तीच्या बोकांडी बसते.

रीत अशी असते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मधल्या वर्षांना शहराचा एखादा भाग दिला जातो. नाशिकात तो बहुधा पंचवटी किंवा जुने गावठाण असतो. विद्यार्थी तेथे जातात, छायाचित्रे काढतात, रस्त्यांची रुंदी मोजतात, ऊन-वारा, झाडे, इमारतींची उंची यांची नोंद करतात. मग एक नकाशा होतो. त्यात बांधलेली जागा काळी आणि मोकळी जागा पांढरी. त्या नकाशावर प्रत्येकाने एखादी इमारत सुचवायची : वाचनालय, बाजार, यात्री निवास, घरे. शेवटी परीक्षकांपुढे आराखडे टांगायचे आणि आपली कल्पना समजावून सांगायची. या सर्व खटाटोपात पहिला नकाशाच सर्वांत महत्त्वाचा. जे त्यात आले नाही, ते पुढे कशातच येत नाही.

पंचवटीचेच पाहा. काळाराम मंदिराचा काळा पाषाण, शिखर, प्राकार, चार दिशांचे दरवाजे हे सारे विद्यार्थी बारकाईने रेखाटतात. पण २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली निघालेली मिरवणूक याच दरवाजांशी अडली आणि तेथून गोदेच्या घाटावर गेली. पुढे सत्याग्रहींच्या तुकड्या याच दरवाजांवर बसल्या, त्यांत स्त्रियाही होत्या. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा वर्षानुवर्षे चालवला, आणि त्याच्या अनुभवातूनच १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा आली. दरवाजा म्हणजे केवळ भिंतीतली मोकळी जागा नव्हे, तो कोणासाठी तरी बंद असतो, हे सांगणारे याहून मोठे उदाहरण देशात क्वचितच सापडेल. तरीही संदर्भाच्या तक्त्यावर त्या दरवाजाची उंची असते, रुंदी असते. तो कोणाला बंद होता हे नसते.

दुसरे उदाहरण वाड्याचे. वाड्याचा चौक, ओसरी, लाकडी खांब, कोरीव तुळया यांवर आमचे विद्यार्थी भाळतात, आणि ते स्वाभाविकही आहे. पण आपल्या जुन्या शहरांतल्या अशा वाड्यांना मागची बाजूही होती. तेथे टोपलीचे संडास असत आणि मैला उचलणाऱ्या माणसाने घरात पाऊल न टाकता बाहेरच्या बाहेर टोपली काढावी म्हणून मागून अरुंद बोळ सोडलेला असे. चौक आणि बोळ ही एकाच आराखड्याची दोन अंगे होत. एका अंगाला परंपरा म्हणायचे आणि दुसऱ्याचा उल्लेख टाळायचा, हा अभ्यास अर्धाच. मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदा करावा लागला, यावरून ती बोळ किती खोल गेली होती हे ध्यानात यावे.

तिसरे उदाहरण आजचे आहे. झोपडपट्टीची घरे काळ्या-पांढऱ्या नकाशात अनेकदा येतच नाहीत, कारण मूळ सरकारी नकाशात ती जागा मोकळी किंवा कशासाठी तरी राखीव दाखवलेली असते. नकाशात पांढरे राहिलेले विद्यार्थ्याला रिकामे वाटते आणि तो तेथे बाग आखतो. त्याच्या मनात दुष्टावा नसतो. पण उद्या हाच विद्यार्थी नगररचनेच्या कचेरीत बसतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला तेव्हा दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले याची चर्चा साऱ्या शहरात झाली. काठच्या सखल वस्तीत पाणी कुठवर गेले, हे मोजायला तशी मूर्ती नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदी चालू असताना, गंजमाळच्या भीमवाडीत आग लागली आणि अनेकांचे संसार जळाले. बंब आत शिरेल एवढी वाट आहे काय, पाण्याचा नळ किती अंतरावर आहे, हाही संदर्भच आहे. किंबहुना जगण्या-मरण्याचा संदर्भ हाच आहे.

याहून वेगळे करता येते, याचे दाखले आहेत. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश विचारवंत १९१४ साली भारतात आले आणि गावोगावच्या गल्ल्या पायी हिंडले. आधी निदान करा, मग लागेल तेवढीच शस्त्रक्रिया करा, असे त्यांचे सांगणे. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध होता. चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला सात-सात घरे एका अंगणाभोवती मांडली आणि भिंती सामाईक ठेवल्या नाहीत. हेतू हा की ज्याला जमेल तसे त्याने आपले घर वाढवावे. इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशींनी साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड आखले. गरिबांना पाया, पाणी व संडासाची सोय मिळाली, आणि वरचे घर त्यांनी स्वतः उभे करायचे होते. या कामाला १९९५ चा आगाखान पुरस्कार मिळाला. माणूस आपले घर आपण घडवू शकतो, हा विश्वास या कामांत आहे. जातीचा प्रश्न मात्र तेथेही आपोआप सुटत नाही, हेही सांगितले पाहिजे.

माझ्या वर्गातल्या दोन मुलींनी अलीकडे दहा बाय बाराचे एक घर मोजले. भिंतींबरोबर त्यांनी चोवीस तासही मोजले : पहाटे पाण्याला कोण जाते, दुपारी त्याच जागेत पापड कोण लाटते, रात्री बाहेर कोण झोपते. दारापुढची गल्ली हीच त्या घराची दुसरी खोली आहे, असे त्यांना आढळले. म्हणून त्यांनी उंच इमारत सुचवली नाही. पुराच्या वर उचललेली जोती, दिवा असलेले संडास, जवळ नळ, आणि बंब वळेल एवढी एक वाट त्यांनी आखली. 'यात वास्तुकला कुठे आहे?' असे एका परीक्षकाने विचारले. त्यावर त्यातली एक म्हणाली, 'सर, त्या बाईला विचारा.' माझ्या मते उत्तर पुरेसे होते.

येथे आपल्या कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. विद्यार्थी वस्तीत येतात, माहिती नेतात आणि आराखडे महाविद्यालयाच्या कपाटात जातात. वस्तीच्या हाती काही लागत नाही. यापुढे आपण तीन अटी घालाव्यात. आराखड्यावरचा मजकूर मराठीत असावा, त्याची एक प्रत वस्तीत राहावी, आणि परीक्षकांत वस्तीतली एक बाई व एक पुरुष बसावा. शास्त्रशुद्ध मोजलेला नकाशा हाती असला, तर घर हटवायला आलेल्या अधिकाऱ्यापुढे 'आम्ही येथे आहोत' हे तोंडी सांगण्यावर भागवावे लागत नाही. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते व घाट आखले जात असताना याची निकड अधिकच आहे.

आणि आपल्या मुला-मुलींनी या शिक्षणात यावे. फी जड आहे, इंग्रजी आडवी येते, हे मी भोगले आहे. पण नकाशा काढणारा हात आपला असल्याशिवाय आपली वस्ती कोरीच राहणार आहे.