भागांचे मूल्य आणि बाजारभाव

कंपनीच्या भागास तीन निरनिराळ्या किंमती असतात. भागपत्रावर छापलेली ती दर्शनी किंमत. मालमत्तेतून देणी वजा जाता उरलेल्या रकमेस भागांच्या संख्येने भागले असता येते ते पुस्तकी मूल्य. आणि शेअरबाजारात ज्या दराने सौदा होतो तो बाजारभाव. पहिल्या दोन किंमती गतकाळाचा हिशेब सांगतात. बाजारभाव मात्र भविष्याकडे पाहून ठरतो.

जॉन बर विल्यम्स यांनी १९३८ साली केलेल्या मांडणीनुसार भागाचे मूल्य म्हणजे त्यावर पुढे मिळणाऱ्या सर्व लाभांशांचे आजचे मूल्य होय. लाभांश प्रतिवर्षी एकाच दराने वाढेल असे गृहीत धरल्यास, अपेक्षित परताव्याच्या दरातून वाढीचा दर वजा करावा व येणाऱ्या अंतराने पुढील वर्षाच्या लाभांशास भागावे. लाभांश ६ रुपये, अपेक्षित परतावा शेकडा १२ व वाढ शेकडा ६ असल्यास मूल्य १०० रुपये येते. वाढीचा अंदाज शेकडा ८ केला की तेच १५० होते. शेकडा ४ केला की ७५ वर उतरते. कंपनीच्या हिशेबवह्यांतील एकही आकडा बदललेला नसतो. बदलतो तो केवळ अंदाज.

हा अंदाज चुकल्यास काय होते, हे मुंबईने १८६५ साली अनुभवले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला व मुंबईच्या कापसास अपूर्व भाव आला. युद्धासारख्या तात्पुरत्या कारणाने आलेली ही संपत्ती चिरस्थायी मानून लोकांनी भाग खरेदी केले. युद्ध संपताच कापसाचा भाव कोसळला, आणि २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा भाग अखेर ८७ रुपयांना विकला जाऊ लागला. या बँकेने भागांच्याच तारणावर मोठी कर्जे दिली होती. बाजारभाव हेच मूल्य समजल्याने तारण व कर्जदाराची पत ही दोन्ही एकाच वेळी नाहीशी झाली. १८६८ मध्ये बँक विसर्जित करावी लागली.

विल्यम्स यांचे सूत्र निरर्थक आहे, असे यावरून ठरत नाही. बाजारभाव योग्य ठरण्यास वाढीचा कोणता दर किती काळ टिकावा लागेल, हे त्या सूत्रावरून उलट काढता येते. तो दर संभवनीय आहे काय, हा प्रश्न मात्र गणिताचा नसून उद्योगाच्या अभ्यासाचा आहे.