नारकोंडमची चिचुंद्री

उत्तर अंदमानच्या पूर्वेला, सव्वाशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, भर समुद्रात नारकोंडम नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम सात चौरस किलोमीटर, पण पाण्यातून थेट वर चढलेला त्याचा डोंगर ७१० मीटर उंच. हा निद्रिस्त ज्वालामुखी दाट जंगलाने झाकलेला आहे. पक्षीनिरीक्षकांना हे बेट ठाऊक असतं ते तिथल्या धनेशामुळे. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. जगात तो फक्त इथेच सापडतो. याच जंगलात पाचोळ्याखाली एक चिचुंद्रीही राहते, हे समजायला मात्र २०२१ साल उजाडलं.

झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे एम. कमलकन्नन, सी. शिवपेरुमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि ‘क्रोसिड्युरा नारकोंडमिका’ असं तिचं नामकरण केलं. गडद करडी, दाट लव. जाड, काळपट शेपूट. गोलसर, उंच कवटी. नुसत्या रूपावर त्यांनी निवाडा दिला नाही. ‘सायटोक्रोम बी’ या जनुकाची तुलना केली, तेव्हा भारताची मुख्यभूमी, अंदमान-निकोबार, म्यानमार आणि सुमात्रा इथल्या भाईबंदांपासून ती १२ ते सुमारे साडेसोळा टक्के दूर निघाली. एवढा फरक पडायला फार मोठा काळ लागतो. अलीकडे एखाद्या जहाजातून उतरलेली ही पाहुणी नव्हे.

चिचुंद्री म्हटलं की आपल्याला आठवते ती मोरीच्या कडेकडेने चिरकत पळणारी, उग्र वासाची घरातली चिचुंद्री. ती वेगळ्या वंशातली, पण कुटुंब एकच. आणि या कुटुंबाचा उंदरांशी काही संबंध नाही. त्यांचे खरे नातेवाईक साळू नव्हेत, घुशीही नव्हेत, तर जाहक (हेजहॉग). दातांवरून चिचुंद्र्यांचे दोन मोठे गट पडतात. थंड प्रदेशातल्या बहुतेकींच्या दातांच्या टोकांत लोह असतं, म्हणून ती तांबूस दिसतात. नारकोंडमची चिचुंद्री पांढऱ्या दातांच्या गटातली. तिच्या क्रोसिड्युरा वंशात सुमारे दोनशे जाती आहेत. सस्तन प्राण्यांत एवढा मोठा वंश दुसरा नाही. या वंशातल्या काही जातींची पिल्लं घरटं बदलताना एकमेकांच्या शेपटीचा बुडखा तोंडात धरून आईमागे रांगेने चालतात.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो तिच्या तिथे पोचण्याचा प्रश्न. चिचुंद्रीचं शरीर इतकं लहान की त्यातली ऊब भराभर निघून जाते. ती टिकवायला सतत किडे, गांडुळं खावी लागतात. उपास तिला मानवत नाही. आणि बेट तर समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी. पुरात वाहून आलेल्या झाडोऱ्यावर बसून तिचे पूर्वज कधीतरी किनाऱ्याला लागले असावेत, हा तर्क सर्वांत पटणारा आहे. त्या झाडोऱ्यातल्या लाकडात पोखरणारे किडे नसते तर ती बहुधा वाटेतच संपली असती.

या द्वीपसमूहातल्या बाकीच्या चिचुंद्र्यांची कहाणी मात्र मन खिन्न करते. संग्राहक अ‍ॅबट यांनी १९०१ मध्ये गोळा केलेल्या नमुन्यांवरून प्राणिशास्त्रज्ञ मिलर यांनी पुढच्याच वर्षी अंदमानची एक आणि ग्रेट निकोबारची एक अशा दोन जाती वर्णिल्या. १९१३ मध्ये ऑल्डफिल्ड थॉमस यांनी मध्य अंदमानची काटेरी केसांची जात नोंदवली, १९७८ मध्ये चक्रवर्ती यांनी दक्षिण अंदमानची. जवळजवळ सगळं ज्ञान संग्रहालयांतल्या मोजक्या कातड्यांवर आणि कवट्यांवर उभं आहे. जमिनीत सापळ्याचे डबे पुरून, रोज पहाटे ते तपासत जंगलात मुक्काम करणारी माणसं आपण पुरेशी पाठवलीच नाहीत.

नारकोंडमवर पोलिसांच्या चौकीसाठी १९७६ मध्ये बकऱ्या नेल्या, त्या मोकाट वाढून रोपं फस्त करू लागल्या आणि पुढे त्यांना हलवावं लागलं. एवढ्याशा बेटावर चूक पचवायला दुसरी जागाच नसते. ग्रेट निकोबारवर तर बंदर, विमानतळ आणि शहराच्या प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. त्यात सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवलं जाणार आहे. मिलर यांनी वर्णिलेली निकोबारी चिचुंद्री जगात याच बेटावर राहते. पहिली कुऱ्हाड पडण्याआधी तिथल्या लहान सस्तन प्राण्यांचं सगळ्या ऋतूंत स्वतंत्र सर्वेक्षण झालंच पाहिजे, आणि त्याचे निष्कर्ष लोकांसमोर खुले ठेवले पाहिजेत.